वाचकांचे प्रश्न : फ्रीजरमधले उंदीर आणि घरातली माणसं

गेल्या अंकात बॉल पायथन, म्हणजे घरात पाळला जाणारा आफ्रिकेतला अजगर, कात टाकतो तेव्हा काय काळजी घ्यायची, यावर लिहिलं होतं. पत्रं मात्र जवळजवळ सगळी दुसऱ्याच विषयावर आली : सापाला खायला आणलेले गोठवलेले उंदीर. ते ठेवायचे कुठे, किती दिवस, लाइट गेली तर काय, वितळवायचे कसे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात साप यायचा तो सर्पमित्राच्या बरणीतून. फावडं लागलेला नाग, नाहीतर जाळ्यात अडकलेली धामण. आता नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून परदेशी पाळीव साप येतात, आणि ज्या घरात साप असतो त्या घरात उंदरांचं पाकीटही असतं. सापाबद्दल मुलं शोधून शोधून माहिती काढतात. पाकिटाबद्दल मला कोणी आपणहून विचारत नाही, मीच विचारते, आणि उत्तर ऐकून बऱ्याचदा काळजी वाटते. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून त्याच्याकडे बॉल पायथन आहे. त्याचे उंदीर आमच्याच फ्रिजच्या फ्रीजरमध्ये असतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. परवा संकष्टीला सासूबाई मोदकांसाठी ठेवलेलं ओलं खोबरं काढायला गेल्या, तेव्हा मटारच्या पिशवीखालून एक साधी कॅरीबॅग ओढली गेली आणि फाटली. आतून उंदराची गुलाबी पिल्लं खाली पडली. त्या दिवसापासून त्या फ्रिजमधलं पाणीसुद्धा पीत नाहीत. मुलगा म्हणतो, ‘गोठलेल्यात जंतू मरतात, आजी उगाच करते.’ आमचं घर शाकाहारी आहे. घरात जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगाही असतो. कोणाचं बरोबर? आणि फ्रीजरमधलं बाकीचं सगळं टाकून द्यायचं का?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. त्यांना किळस आली म्हणून त्या बोलल्या असतील, पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे आणि हे तुमच्या लेकाला माझ्या नावाने सांगा.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. तुम्ही गावाला जाताना वाटीभर विरजण फ्रीजरमध्ये ठेवून जाता, महिन्याने येऊन ते दुधाला लावता आणि दही लागतं. विरजणातले जीव जसे महिनाभर टिकतात, तसेच उंदराच्या आतड्यातले ताप-जुलाब आणणारे साल्मोनेलाचे जंतूही टिकतात. साल्मोनेला असलेला उंदीर आजारी दिसत नाही. स्वच्छ पिंजऱ्यात वाढवलेला, पांढराशुभ्र, टुकटुकीत असतो. आणि आपण त्याला कोंबडीसारखा साफ करून ठेवत नाही; आतडी, त्यातली लेंडी, अंगावरची लेंडी, सगळ्यासकट तो पिशवीत जातो. अमेरिकेत २०१० मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये माणसांमध्ये साल्मोनेलाची जी साथ आली, तिचं मूळ सापांसाठीच्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत जाऊन पोचलं. ब्रिटनमध्येही २०१५ पासून अशीच साथ या उंदरांशी जोडली गेली आहे. आजारी पडणाऱ्यांत लहान मुलं बरीच होती. उंदीर हाताळतं एक माणूस आणि जुलाब होतात दुसऱ्याच कोणाला तरी, असं या आजाराचं आहे.

आता फ्रीजरचं. सगळं फेकायची गरज नाही. जे उघडं होतं किंवा सैल गाठीच्या पिशवीत होतं, ते टाका. ओलं खोबरं जाऊ द्या, त्याची हळहळ धरू नका. बर्फाच्या ट्रेमधला बर्फही टाका. कंपनीचं सीलबंद पाकीट असेल, मटार असोत वा मका, ते बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवलंत तर चालेल. घट्ट झाकणाच्या डब्यांचंही तसंच. मग फ्रीजर बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्या, आतून साबणाने धुवा आणि त्यानंतर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधं ब्लीच घालून त्याने पुसा. दहा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडं करा. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही, टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड तर मुळीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. साबण आधी आणि ब्लीच नंतर हा क्रम पाळा, कारण तेलकट, मळकट जागेवर ब्लीचचं काही चालत नाही. पिल्लं जिथे जमिनीवर पडली तिथेही हेच करा.

इथून पुढे उंदीर या फ्रिजमध्ये नकोत. माझं मत यात ठाम आहे. मांसाहारी घर असतं तरी मी वेगळा फ्रीजरच सांगितला असता. तुमच्या घरात तर तो प्रश्न श्रद्धेचाही आहे, आणि ज्या घरात राहतो तिथल्या वडीलधाऱ्यांच्या जेवणाचा मान राखणं हा साप पाळण्याचाच भाग आहे. जुना, छोटा डीप फ्रीजर मिळतो. तो मुलाच्या खोलीत किंवा बंद गॅलरीत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा. घेताना एक बघा : फ्रिजवरचे वीजबचतीचे तारे वेगळे आणि फ्रीजरच्या कप्प्यावरचे तारे वेगळे. कप्प्यावर एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. आपल्याला उणे १८ हवं. तारा दिसत नसेल तर थर्मामीटर मिळतो, तो आत टाकून दुसऱ्या दिवशी बघायचं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दीर्घ साठवणीला तितका चांगला नाही. त्यात बर्फ साचू नये म्हणून आतला हीटर मधूनमधून चालू होतो, कप्पा थोडा तापतो, पुन्हा गार होतो, आणि तेवढ्या चढउतारात उंदराच्या अंगातलं पाणी उडत राहतं. कातडीवर कोरडे, पांढुरके-पिवळे चट्टे दिसले, शेपूट वाळक्या काडीसारखी झाली, की समजायचं. असा उंदीर सापाला बाधेलच असं नाही, पण त्यातली चरबी खवट व्हायला लागलेली असते आणि जीवनसत्त्व ई गेलेलं असतं. म्हणून पिशवीतली हवा नीट काढायची. झिप-लॉक पिशवीत एका वेळचे एक-दोन उंदीर, हवा दाबून बाहेर; अशा सगळ्या पिशव्या मिळून एका घट्ट झाकणाच्या, बाहेरून आतलं न दिसणाऱ्या डब्यात. प्रत्येक पिशवीवर मार्करने तारीख आणि आकार. पिंकी, फझी, हॉपर हे उंदरांच्या आकाराचे शब्द मुलाला माहीत आहेत, ते लिहू दे. सहा महिन्यांच्या आत संपवायचे. मोठ्या बॉल पायथनला दहा-चौदा दिवसांतून एकदा खाणं लागतं, म्हणजे सहा महिन्यांना पंधरा-सोळा उंदीर पुरे. स्वस्त पडतात म्हणून पन्नास आणून ठेवू नयेत.

आणखी एक सांगते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला सांगते. भांडी बाजारात जा, स्टीलचं एक लहान पातेलं आणि एक लांब चिमटा घ्या, आणि दुकानातच त्यावर नाव घालून घ्या : ‘साप’. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर आजोबांचं नाव असतं ते वाचून कळतं ना, कोणाचं भांडं ते? तसंच. मार्करने लिहिलेलं दोनदा घासलं की जातं, आणि मग पाहुणे आले की तेच पातेलं कोणीतरी चहाला चढवतं. कोरलेलं नाव जात नाही. ही भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासायची नाहीत, बाथरूममध्ये घासायची आणि मग तिथली जागाही धुवायची. उंदीर हाताळून झाले की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझरवर भागवायचं नाही.

राहिला तीन वर्षांचा मुलगा. हे लिहिणं मला जड जातंय, पण लिहिते. पाच वर्षांखालचं मूल ज्या घरात आहे तिथे साप, कासव, सरडा असा कोणताही सरपटणारा प्राणी असू नये, असा अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे आणि मला तो पटतो. उंदरांबरोबर सापाच्या अंगावर आणि विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. सासूबाईंचं वय किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. पासष्टीच्या पुढे असतील तर त्याही जपण्याच्या यादीत येतात. मूल घरात कायमचं राहणार असेल, तर ते पाच वर्षांचं होईपर्यंत साप एखाद्या मित्राकडे ठेवता येईल का, ते मुलाशी बोला. तो हो म्हणाला नाही तर निदान सापाची खोली कुलूपबंद, आणि त्या खोलीतून येताना हात धुऊन, कपडे बदलून. मुलाला किंवा आजीला ताप, पोटात कळा, जुलाब झाले तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘आमच्याकडे साप आहे.’ त्यांना विचारायचं सुचेलच असं नाही.

प्रश्न : मॅडम, वळवाच्या पावसात आमच्याकडे रात्री नऊला लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आली. माझ्याकडे छोटा डीप फ्रीजर आहे, त्यात तीसेक उंदीर होते, बाकी निम्मा रिकामा. मी मधे तीन-चार वेळा उघडून पाहिलं. वरच्या पिशव्यांतले मऊ लागत होते, खालचे कडक होते. लाइट आल्यावर सगळे पुन्हा गोठले. वास नाही. चालतील का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : खालचे चालतील. वरचे टाकून दे.

सोळा तास म्हणजे फार नाहीत. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण अठ्ठेचाळीस तास थंडी धरतो, निम्मा भरलेला चोवीस. पण या दोन्ही आकड्यांच्या मागे एक अट आहे : झाकण उघडायचं नाही. तू तीन-चार वेळा उघडलंस, काळजीनेच उघडलंस हे कळतं मला, आणि तेवढ्यात वरचा थर गेला.

मांसाबद्दल सर्वसाधारण नियम असा आहे, की त्यात अजून बर्फाचे कण असतील तर परत गोठवता येतं. उंदराला मी तो नियम लावत नाही. मटण साफ केलेलं असतं, उंदीर अख्खा असतो. वितळायला लागला की आतड्यातले जंतू आणि पाचकरस आधी कामाला लागतात, बाहेर काही दिसायच्या आत. म्हणून माझा हिशेब सोपा आहे : दगडासारखा कडक राहिला असेल तर ठेव, बोटाने दबला असेल तर टाक. वासावर जाऊ नकोस. गोठलेल्या वस्तूला वास येत नाही.

आता परत गोठल्यावर कोणता वरचा आणि कोणता खालचा हे विसरला असशील, तर पिशव्या उजेडात धरून बघ. जो वितळून गोठला, त्याच्या पिशवीच्या कोपऱ्यात लालसर पाण्याचा बर्फ सापडतो. उंदीर पिशवीला किंवा एकमेकांना चिकटून सपाट झालेले असतात, मूळचा गोल आकार राहत नाही. पोटाकडे हिरवट-काळसर झाक असेल तर शंकाच नको. ज्याबद्दल ठरवता येत नाही तोही टाकायचा. पैसे जातात, मान्य आहे, शिकणाऱ्या मुलाला ते लागतात हेही मान्य आहे. पण साप ओकायला लागला तर महिना-दोन महिने त्याचे हाल होतात.

पुढच्यासाठी दोन गोष्टी कर. एका वाटीत पाणी भरून ती फ्रीजरमध्ये ठेव, बर्फ झाला की वर एक रुपयाचं नाणं ठेव. तू गावाला गेला असताना लाइट जाऊन आली तर फ्रीजर काहीच सांगत नाही, नाणं सांगतं. नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. दुसरं, रिकाम्या निम्म्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. पूर्ण काठोकाठ भरू नकोस, गोठताना पाणी फुगतं. बाटल्या गोठल्या की तोच तुझा गच्च भरलेला फ्रीजर. आणि लाइट गेली की झाकणावर जाड गोधडी टाकून शांत बस. मागे कॉम्प्रेसरजवळची हवा मात्र लाइट आल्यावर मोकळी कर.

तू पत्रात लिहिलंयस की उंदीर मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात येतात. खोकं हातात घेतल्यावर स्टँडवरच उघडून बघायचं, घरी नेऊन नाही. तू दिंडोरीकडचा आहेस, द्राक्षाचं तुला सांगायला नको. बागेतून तोडलेला माल आधी प्री-कूलिंगला जातो आणि तिथून पुढे थंडीची साखळी कुठेही तुटली तर मणी चांगले दिसतात पण देठ काळा पडतो, आणि घेणारा देठ बघूनच माल परत पाठवतो. तसाच तू कडकपणा बघ. खोक्यातले मऊ असतील तर घेऊ नकोस. कसाऱ्याचा घाट चढून मे महिन्यात आलेलं खोकं आहे, त्यात बर्फाच्या पिशव्या किती होत्या, ते पाठवणाऱ्याला विचार.

प्रश्न : माझा बॉल पायथन दोन वर्षांचा आहे. मी उंदीर फ्रीजरमधून काढून दहा मिनिटं गरम पाण्यात टाकते आणि देते. डिसेंबरमध्ये त्याने चौथ्या दिवशी उंदीर ओकून टाकला. त्यानंतर तो समोर धरलेला उंदीर बघतो आणि तोंड फिरवतो. मायक्रोवेव्हमध्ये नीट गरम होईल का?
— नोकरी करणारी मुलगी, नाशिकरोड

उत्तर : मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको. तो एकसारखा तापत नाही. पोटाचा भाग शिजून फुटतो आणि पाय तसेच गोठलेले राहतात. शिवाय त्याच मायक्रोवेव्हमध्ये तू उद्या भात गरम करणार.

तुझ्या पत्रातली ‘दहा मिनिटं’ वाचून मला माझीच एक चूक आठवली. बारा-तेरा वर्षं झाली. कॉर्न स्नेक जातीचा एक पाळीव साप आठवडाभर माझ्याकडे सांभाळायला होता. मी गोठलेला उंदीर वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवला, हाताला मऊ, उबदार लागला, दिला. त्याने तो लगेच गिळला आणि मी निर्धास्त झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तर दारातच वास. टबच्या कोपऱ्यात उंदीर पडलेला, ओला, केस गळून गेलेले, आणि साप दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याच्या वाटीला वेटोळं घालून बसलेला. त्या दिवशी मी त्याच पाकिटातला दुसरा उंदीर घेतला, घड्याळ लावून तशीच वीस मिनिटं वितळवला आणि मधोमध कापला. कातडी बोटाला कोमट होती. आत यकृताभोवती बर्फाचे पांढरे कण होते. सापाच्या मालकांना मी फोन करून जसं झालं तसं सांगितलं. पुढचे दोन आठवडे साप माझ्याकडेच ठेवला, पैसे न घेता, आणि तो पुन्हा खायला लागेपर्यंत मला झोप नीट लागली नाही.

साप उंदीर पचवतो तो स्वतःच्या उबेने नाही, बाहेरच्या उबेने. आतून बर्फ असलेला उंदीर पोटात गेला की पचन सुरू होण्याआधी कुजणं सुरू होतं. त्यात डिसेंबर. नाशिकला थंडीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडचे आकडे आपण पेपरात वाचतोच. बॉल पायथनला टबच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. तुझं हीटिंग पॅड चालू असेल, पण खोलीच बारा अंशांवर असेल तर पॅडला ते पेलत नाही. टबमध्ये दोन टोकांना दोन थर्मामीटर ठेव आणि पहाटे पाचला उठून एकदा वाच. दुपारचे आकडे फसवतात.

वितळवायचं असं : देण्याच्या आदल्या रात्री पिशवीसकट उंदीर डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या भागात ठेव. तो फ्रिजही जेवणाचा नसावा, नसेलच दुसरा तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, घट्ट डब्यात, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून. ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. चार अंशांच्या वर जंतू वाढायला लागतात, आणि आपल्याकडे मेमध्ये खोली चाळिशीला टेकते तेव्हा तासाभराच्या वर काहीही बाहेर राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात ठेव, पाणी गार झालं की बदल. मग पिशवीवरून अंगठ्याने पोट हळूच दाबून बघ. आत आवळ्याएवढी कडक गाठ लागली, तर अजून वेळ आहे. पूर्ण मऊ झाला की शेवटची पाच मिनिटं जरा जास्त गरम पाण्यात, हात घालवेल इतक्याच. बाहेरून ३८ ते ४० अंश झाला पाहिजे. उकळतं पाणी नको.

तोंड फिरवण्याचं कारण बहुधा हीच ऊब आहे. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी तो समोरच्या प्राण्याची उष्णता ओळखतो. गार उंदीर त्याच्या लेखी शिकारच नाही. म्हणून शेवटी डोक्याकडचा भाग नीट गरम कर, पेपर नॅपकिनने पुसून कोरडा कर आणि लांब चिमट्याने डोकं पुढे करून धर. अंधार पडल्यावर दे.

पण आत्ता लगेच देऊ नकोस. ओकल्यानंतर दहा ते चौदा दिवस काहीही नाही, फक्त ताजं पाणी, आणि हातात घेणंही नाही. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. तो राहिला की हळूहळू वाढव. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही. पुन्हा ओकला तर घरी बसू नकोस, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे घेऊन जा आणि जाताना ओकलेला उंदीर दोन पिशव्यांत बांधून सोबत ने. मला त्यातून बरंच कळतं. थंडीत हे साप कित्येक आठवडे आपणहून खात नाहीत. वजन टिकून असेल, अंग भरलेलं असेल तर तेवढ्याने घाबरू नकोस. नाकारलेला उंदीर मात्र अर्ध्या-पाऊण तासात बाहेर काढायचा आणि टाकायचा. परत फ्रीजरमध्ये नाही.

प्रश्न : आमच्या कांद्याच्या चाळीत पिंजऱ्यात रोज दोन-तीन उंदीर सापडतात. भाच्याकडे साप आहे. ते फुकट जाण्यापेक्षा गोठवून त्याला दिले तर?
— शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : दादा, देऊ नका. तुमच्या चाळीत नसलं तरी शेजारच्या चाळीत उंदरांचं औषध टाकलेलं असतं, आणि उंदीर ते खाऊन चार-पाच दिवस हिंडतो. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत; तो उंदीर ज्याच्या पोटात जाईल त्याच्याही अंगात ती उतरतात. गोठवून विष जात नाही. शिवाय रानउंदरांच्या अंगात जंत आणि लेप्टोसारखे आजार असतात, ते हाताळताना तुम्हालाच धोका. पिंजरा रिकामा करताना हातमोजे घालत जा, हे सापाशी संबंध नसतानाही सांगते.

जिवंतही देऊ नका. जिवंत उंदीर सापाला चावतो. डोळा फुटलेला आणि पाठीवर हाड दिसेपर्यंत कुरतडलेला साप मी पाहिला आहे. आणि उंदराचेही हाल होतातच की. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याची शिकार म्हणून कोंडणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

प्रश्न : बॉल पायथन पाळणं कायदेशीर आहे का? शेतात सापडलेला अजगर ठेवला तर?
— वाचक, सातपूर

उत्तर : अजगर, धामण, नाग, घोणस, आपल्याकडचा साप घरात ठेवायचा नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. घेताना विकणाऱ्याकडून कागद मागा. कागद नसेल तर साप घेऊ नका.

प्रश्न : खराब झालेले उंदीर टाकायचे कसे? सोसायटीच्या आवारात पुरले तर कुत्री उकरतात.
— गृहिणी, पाथर्डी फाटा

उत्तर : पुरू नका, आणि टॉयलेटमध्येही टाकू नका. टाकायचे ते उंदीर फ्रीजरमध्येच गोठलेले ठेवा, वेगळ्या पिशवीत, ‘टाकायचे’ असं लिहून. घंटागाडी ज्या दिवशी येते त्या दिवशी सकाळी गाडीचा आवाज आल्यावरच बाहेर काढा. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत घट्ट बांधा. ओल्या कचऱ्याच्या बादलीत मोकळे टाकून ठेवू नका. आणि गाडीवरच्या माणसाच्या हातात देताना तोंडाने सांगा, ‘दादा, यात मेलेले उंदीर आहेत, पिशवी फोडू नका.’ ते हाताने कचरा वेगळा करतात, आणि पुष्कळदा त्यांच्या हातात मोजे नसतात.